बागेतल्या बाईचे खांदे

नवऱ्याच्या खोलीला आतून कडी लागू लागली, तेव्हाच शिंपीणबाईच्या मनात पाल चुकचुकली. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ह्या माणसाचा जन्म गेला, पण चारचौघांदेखत, भर रस्त्यात. आता म्हातारपणी कडी कशाला हवी?

एकदा तो रंग आणायला गेला, तशी ती आत शिरली. फडकं उचललं आणि बघतच राहिली. बाग, बाक, बाकावर एक बाई. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा डाग. म्हणजे ओळख लपवली! आणि अंगावर शाल कुणाची? हिचीच, कोपऱ्यात रफू केलेली निळी! तरीच शालीला टर्पेंटाइनचा वास येत होता. अगं बाई, माझीच शाल पांघरून बसते ही सटवी!

मग शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईचे खांदे ती डोळ्यांनीच मापू लागली. डॉक्टरीणबाई? अगदीच काटकुळी. शाळेतली बाई? तिचे खांदे उतरते. चित्रातली तर चांगली थोराड होती. कामात लक्ष लागेना. एका झग्याच्या दोन्ही बाह्या तिने डाव्याच कापल्या. शेवटी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं आणि बहिणीकडे निघून जायचं, कायमचं. पिशवी भरली, "बाजारात जाऊन येते" असं सांगून बाहेर पडली आणि मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

आत दुसरं कुणीच नव्हतं. आरशासमोर स्टुलावर नवरा बसला होता. गुडघे जुळवलेले, निळी शाल पांघरलेली, मान लाजून कलवलेली. आणि ते खांदे! ह्याच मापाचे सदरे तर ती लग्नापासून शिवत आली होती.

तिने दार बडवून उघडायला लावलं. "अहो, हे काय सोंग?"

तो कानकोंडा झाला. "तुझंच चित्र आहे. तुला बस म्हटलं होतं, तर म्हणालीस, मला काय कामधंदे नाहीत?"

म्हणाली होती खरी, आणि वर मान करूनही पाहिलं नव्हतं.

"मग चेहरा का नाही काढलात?"

"अगं, चेहऱ्याला मी कसा चालणार?"

हसावं की रडावं, तिला कळेना. आपण काय काय मनात आणलं, ह्याची तिला भारी लाज वाटली. ती स्टुलावर बसली. तो तिच्याकडे बघू लागला, नीट, बराच वेळ.

"ती पिशवी कसली गं?"

तिने पिशवी पायाने स्टुलाखाली सारली. "गिऱ्हाइकाचे कपडे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही चित्र काढा."