किल्ला आपल्याच दारात

पद्माकररावांचा पाय घरात ठरत नव्हता. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटच्या दारापासून लिफ्टपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालत आणि भेटेल त्याला ते सांगत, “यशश्री आज आणखी एका किल्ल्यावर गेलीय.” सरकारी संशोधन संस्थेत जन्मभर यंत्रांशी बोललेला हा माणूस निवृत्तीनंतर स्कॉटलंडच्या किल्ल्यांत पुरता अडकला होता.

लेक एडिंबराला शिकायला गेली आणि दर शनिवारी फोनवर एखादा किल्ला नाहीतर कुणा उमरावाची हवेली दाखवू लागली. हे चष्मा सावरून विचारत, “पाण्याची सोय कुठेय? आणि चोरवाट?” तीही हौसेने कॅमेरा फिरवी. पण उन्हाळ्यात अभ्यासक्रम संपला, तरी किल्ले काही संपेनात. तिकिटाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, “अजून एक राहिलाय, बाबा.” पोरगी परत येणार की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि गाडी पुन्हा पाण्याच्या टाक्यावर घसरायची.

“सरळ विचारा ना एकदाचं! किल्ल्यांचं काय घेऊन बसलात?” हेमलताबाई वैतागायच्या. त्या तरी कुठे विचारत होत्या म्हणा!

दिवाळी जवळ आली तशी पद्माकररावांनी नर्सरीतून लाल माती आणली आणि दारासमोर किल्ला रचायला घेतला. यशश्री लहान असताना संस्थेच्या क्वार्टर्समध्ये दरवर्षी करायचे तसाच, मोहरी-बिहरी पेरून. तेव्हा एकदा ती मैत्रिणीच्या अंगणात किल्ला करायचा म्हणून हटून बसली होती. “किल्ला आपल्याच दारात करायचा. आपण राहतो तिथे,” असं म्हणत त्यांनी तिला मातीच्या हातांसकट उचलून घरी आणलं होतं.

वॉचमन नागराज निपाणीकडचा. बुरूज बघून तो खूश झाला. “लई ब्येस झालाय, सर. पण असोसिएशनवाले वरडत्यात. स्वल्प कडंला घ्या की.”

“ओरडू देत. यशश्री येऊन बघेपर्यंत हा हलायचा नाही.”

पाडव्याच्या दुपारी तिचा फोन आला. पद्माकररावांनी घाईघाईने कॅमेरा किल्ल्याकडे वळवला.

“थांबा बाबा, आधी माझा बघा!”

पडद्यावर एक निळं दार दिसलं. दारावर तिच्या नावाची पाटी, आणि उंबऱ्याशी कुंडीतल्या मातीचा एवढासा किल्ला. तटावर मोहरी चांगली बोटभर वाढली होती.

पद्माकररावांनी चष्मा सावरून पाटी वाचली. हेमलताबाई त्यांच्या खांद्यामागून बघत होत्या.

“कसा झालाय? बोला ना, बाबा.”

“छान झालाय,” ते कसेबसे म्हणाले. “अगदी छान.”

चोरवाटेचं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फोन ठेवला. मग जिन्याशी जाऊन त्यांनी हाक मारली, “नागराज, किल्ला कडेला घ्यायचा होता ना? ये, जरा हात लाव.”