जातो म्हणू नये

दह्याचा आंबूस वास आला की मला कतारमधलं दुखान गाव आठवतं. तिथल्या तेल कंपनीच्या वसाहतीत आमच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज इंजिनियर राहायचे. क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे, घालायला साधे दोनच सदरे, दारूला शिवायचे नाहीत आणि तोंडदेखलंसुद्धा खोटं बोलायचे नाहीत. आमच्याकडे जेवता जेवता मोडकंतोडकं मराठी शिकले होते. निवृत्त होऊन कायमचे मायदेशी निघाले, तेव्हा माझ्या बायकोने त्यांच्या तळहातावर दही घातलं. ते म्हणाले, "जातो." "जातो म्हणू नये, येतो म्हणावं," ती काकुळतीने म्हणाली. त्यांनी दही खाल्लं, हात पुसला. मग, "पण मी येणार नाही, ताई," एवढंच बोलून गाडीत बसले. ती दह्याचा चमचा धरून उभीच. गेल्या महिन्यात इस्पितळात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "जाते." "येते म्हण गं," मी म्हणतच राहिलो.