इल्पोचा गेम आणि शुक्रवारची सौना

आमच्या इमारतीत कुणाला कुणाचा राग आला, तर तो तोंडावर बोलत नाही. लिफ्टशेजारच्या फळ्यावर चिठ्ठी लावतो, खाली सही नाही. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी रविवारी गालिचे झटकू नयेत.’ तिसऱ्या मजल्यावर गालिचे झटकणारी बाई मी एकटीच. पण नाव लिहिलं नाही ना, मग झालं! आमच्या कोउवोला गावात याला सभ्यता म्हणतात.

इल्पो कुइतुनेननं मात्र चिठ्ठी लावली नाही. त्यानं गेम बनवला.

इल्पो माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहतो. वय बावन्न, लग्न नाही, रेल्वेच्या यार्डात डबे जोडायचं काम. आई होती तोवर आईबरोबर राहिला, आता आईच्या पडद्यांबरोबर राहतो. त्याच्याकडे मिरवण्यासारखं एकच होतं, तळघरातल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, शुक्रवारी संध्याकाळी सहाची वेळ. चोवीस घरांत सौना एक, त्यात शुक्रवारचे सहा म्हणजे राजगादीच. कुणी मेल्याशिवाय ती रिकामी होत नाही. कुइतुनेनांकडे ती सदतीस वर्षं होती.

हिवाळ्यात इल्पोची आई गेली. मार्चमध्ये सोसायटीच्या अध्यक्ष ओर्वोक्कीबाईंनी वार्षिक सभेच्या कागदावर एक ओळ टाकली. शुक्रवारचे सहा दुसऱ्या मजल्यावरच्या योन्नाच्या घराला, इल्पोला मंगळवारी चार. कारण दिलं नव्हतं. ओर्वोक्कीबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. कारणं विचारायची ती त्यांनी, द्यायची दुसऱ्यांनी.

“मंगळवारी चार!” इल्पो माझ्या दारात येऊन म्हणाला. “हेल्वीताई, मंगळवारी चारला सौनात जातं तरी कोण? मी यार्डात असतो तेव्हा! आईची वेळ आहे ती. तेवढीच राहिलीय माझ्याकडे.”

“मग सभेत बोल की.”

“सभेत?” मी त्याला भर चौकात नाचायला सांगितल्यासारखा तो बघायला लागला. “माणसांसमोर?”

सात आठवडे तो वर खुडबुडत होता. पलंगाखालून लहानपणचा मळकट कॉम्प्युटर काढला होता. मग एके दिवशी सगळ्यांच्या पेटीत एकेक कागद आला, त्यावर गेमचा इंटरनेटवरचा पत्ता.

गेम सुरू व्हायलाच पाच मिनिटं. तोवर पडद्यावर रंगीत पट्टे आणि कानठळ्या बसवणारी किरकिर, पूर्वी कॅसेटवरून गेम चढताना व्हायची तशी. “आता हे एका सेकंदात होतं ना रे?” मी इल्पोला विचारलं, तर म्हणाला, “वाट बघण्यातच तर मजा होती!” कसली डोंबलाची मजा! शहाऐंशी साली हाच मुलगा त्या किरकिरीपुढे बसून रडायचा. मी ऐकलंय.

पट्टे संपले की आमची इमारत, शहाऐंशी सालची, सगळी चौकोनी ठोकळ्यांची. कमरेला टॉवेल गुंडाळलेला एक ठोकळा चौथ्या मजल्यावरून बादली घेऊन निघतो. सहाच्या आत त्याला सौना गाठायची. वाटेत चिठ्ठ्या उडत येतात, लागली की माणूस जागीच थिजतो. तिसऱ्या मजल्यावरून एक जाडी बाई फरशी पुसलेलं पाणी ओतते. मी कधी ओतलं? एकदा ओतलं असेल. आणि तळघराच्या दारात ओर्वोक्कीबाई, दीड मजला उंच, हातात किल्ल्यांचा जुडगा. टॉवेलवाला जवळ आला की विचारतात, “नियम क्रमांक सात?” चुकलं की पुन्हा चौथा मजला.

आठवड्यात सगळी इमारत खेळायला लागली. कुणी कबूल केलं नाही, पण भिंतींतून किरकिर ऐकू यायची. जो तो दुसऱ्याला ओळखून हसायचा, स्वतःला ओळखलं की फळ्यावर चिठ्ठी. ‘खेळातल्या इसमाचं पोट अवास्तव मोठं दाखवलं आहे.’ मग सगळ्यांना जुन्या दिवसांचा असा काही उमाळा आला की विचारू नका. अंगणातला झोपाळा परत आणा, खालचं दुकान परत आणा! झोपाळा करकरतो म्हणून याच लोकांनी तो हात वर करून काढायला लावला होता, आणि दुकानातली बाई उद्धट म्हणून तिथे कुणी जात नव्हतं. सभेत शुक्रवारचे सहा इल्पोकडेच राहणार हे आता नक्की होतं. सगळा जुना काळच त्याच्या बाजूनं होता ना!

सभेला कधी नाही ती गर्दी. कॉफी झाली, वेलचीचे पाव झाले. ओर्वोक्कीबाई उठल्या.

“गेम मी खेळले,” त्या म्हणाल्या. “गुणांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे.”

सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

“एक चूक आहे. गेममध्ये शहाऐंशीचा वसंत आहे. तेव्हा शुक्रवारी सहाला कुइतुनेन नव्हते. आम्ही होतो.” त्यांनी फाइलमधून सौनाची जुनी यादी काढून टेबलावर ठेवली. शुक्रवार, सहा, हापासारी. आडनाव त्यांचंच.

“खोटं आहे!” इल्पो ओरडला. माणसांसमोर!

बाईंनी फाइलमधून घडी घातलेला एक कागद काढला आणि न वाचता त्याच्यापुढे सरकवला. मी शेजारी बसले होते. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. मी वाचलं.

त्याच्या आईचं अक्षर होतं. ‘ओर्वोक्की, शुक्रवारी सहाला सौना असेल तर नवरा यार्डातून सरळ घरी येईल. नसली की दारूच्या गुत्त्यात जातो, आणि मग घरी येतो तो निराळाच माणूस असतो. इल्पो पलंगाखाली लपतो. तुमची वेळ आम्हाला द्याल का? कुणाला सांगू नका.’

इल्पोनं मान वर केली ती थेट योन्नाकडे. ती दोन्ही मुलांना जवळ घेऊन बसली होती, नवरा आलाच नव्हता. तिच्या घरातला शुक्रवारचा आरडाओरडा मला वर ऐकू यायचा. फेब्रुवारीत मी चिठ्ठी लावली होती, ‘दुसऱ्या मजल्यानं शांतता पाळावी.’ मेली लाज कशी वाटली नाही मला!

“प्रस्ताव मताला टाकते,” ओर्वोक्कीबाई म्हणाल्या.

पहिला हात इल्पोचा वर गेला. मग माझा. बाकीचे गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले, पण हात वर केले त्यांनीही.

सभा सुटल्यावर जिन्यात इल्पोनं बाईंना गाठलं. डोळे लाल झालेले. “तुम्ही कधी बोलला का नाहीत?”

“तुझ्या आईनं सांगू नका म्हटलं होतं.”

“मी तुम्हाला राक्षसीण केलं.”

“नियम क्रमांक सात चुकीचा लिहिलायस. तेवढा सुधार.”

त्या उतरायला लागल्या, तर यानं पुन्हा हाक मारली. “बाई! गेमच्या शेवटी, दार उघडल्यावर, मी बाबांना शीळ घालत सौनातून वर येताना दाखवलंय. ते सगळं मी मनानंच रचलं, नाही का?”

ओर्वोक्कीबाई कठडा धरून थांबल्या.

“घालायचे की,” त्या म्हणाल्या. “दर शुक्रवारी, सात वाजता. ती ऐकायला मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायचे.”