पीएचडीसाठी एक ट्रोल हवा

वसई-विरारची माणसं ऑनलाइन गाणी कशी ऐकतात, यावर मी पीएचडी करतेय. थिसिस जागचा हलत नाही, किस्से मात्र इतके साठलेत की डिग्री त्यांनाच मिळायला हवी!

विरारच्या एका सोसायटीतले सेक्रेटरी काका ग्रुपवर रोज सकाळी पाच भजनं टाकतात. म्हटलं, "काका, यातलं आवडतं कुठलं?"

"अगं, मी फॉरवर्ड करतो. ऐकायला वेळ कोणाला आहे!"

तरी अख्खी सोसायटी रोज खाली हात जोडते. धन्य ते भक्त!

आगाशीच्या एका कॉलेजकन्येने एकाच गाण्यावर बारा रील केलेत. विचारलं, "पुढचं कडवं येतं?"

"पुढे पण आहे?" बिचारीला खरंच धक्का बसला.

आमच्या गाइड मॅडम फील्डवर येत नाहीत, उन्हाने त्यांचं डोकं दुखतं. पण ड्राफ्ट वाचून म्हणाल्या, "सगळेच गोड बोलतायत. द्वेष कुठाय? ते प्रकरण नसेल तर सबमिशन विसर." मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली.

म्हणजे आता ट्रोल शोधणं आलं! पाच जणांना मेसेज केले. चौघांनी ब्लॉक केलं. पाचवा म्हणाला, "ताई, मी तसा नाही हो. ऑफिसात कंटाळा आला की लिहितो." मुलाखतीला मात्र बायको सोडत नाही म्हणे!

शेवटी देव पावला. गासच्या सेसिलिया मावशींचा व्हिडिओ सापडला. लग्नात विहिरीवरून पाणी आणताना म्हणायचं गाणं, भाच्याने अपलोड केलेलं. खाली सगळे 'वा मावशी!' आणि मध्ये मध्ये गुलाबाचा फोटो लावलेलं एकच अकाउंट: 'हिला गाता येत नाय.' 'चुकलं.' 'बंद कर.' पंधरा दिवस मी त्या कॉमेंटचे तक्ते केले, त्यांना रंग दिले. मॅडम खूश! आता फक्त मावशींचं दुःख रेकॉर्ड करायचं बाकी होतं.

मावशी ओट्यावर भाजी निवडत होत्या. "हे वाचून वाईट वाटलं असेल ना?" मी आवाज जमेल तितका हळवा केला.

"वाईट कशाला? मीच लिवते."

मी मोबाइलवरचा तो गुलाब पुन्हा उघडून पाहिला.

"दुसऱ्या कडव्यात मामाच्या जागी मी काकाला बोलावलं. मामाचा मान गेला ना! इतकी मानसं वा वा करतात, एकाला कळलं नाय." मग भाजी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तर शिकलेली. पंधरा दिवस तेच बगतेस म्हनतेस. पुरं ऐकलंस ना गं?"