गहू सरले की बंद

वडील परतूरच्या बाजारात पोती वाहायचे, आई लोकांच्या रानात कापूस वेचायची. माझ्या दोन्ही बहिणी दहावीला इंग्रजीत नापास झाल्या आणि त्या-त्या उन्हाळ्यात त्यांची लग्नं लागली. तिसरी मी.

गल्लीत टीव्ही एकाच घरी, काकूंकडे. दुपारी इंग्रजी कार्यक्रम लागला की बाया उठायच्या आणि काकू बटन बंद करायच्या. टीव्हीचा डबा तापतो म्हणायच्या. एकदा मी भीतभीत म्हणाले, "काकू, तुमचे गहू निवडून देते. तोवर चालू राहू द्या."

"गहू सरले की बंद," काकू म्हणाल्या.

मंग मी हळू निवडायला लागले. हात ताटात, नजर पडद्यावर. तिथली बाई सावकाश बोलायची, मी ओठातल्या ओठात तिच्यामागून म्हणायचे. ताट रिकामं होत आलं की तेच गहू नुसते चाळवत बसायचे.

एके सकाळी काकूंचा निरोप आला. त्यांच्या सासूबाईंच्या दाताखाली खडा आला होता, दात हलला होता. टीव्ही गेला तर इंग्रजी गेलं, आणि पुढचा उन्हाळा माझा.

दुपारी जाऊन दारातच उभी राहिले. सासूबाई गालाला हात लावून बसलेल्या.

"काय पाहून राह्यल्तीस गं एवढं, माझा दात जाईपर्यंत?"

"इंग्रजी, आजी."

"कळतं का काही, का नुसती त्या बाईची साडी पाह्यतीस?"

"काल सांगत होती, झाडाची पानं उन्हात स्वतःचं अन्न करतात."

आजी हसल्या नाहीत. "पानं सैपाक करतात, अन् तुला गहू निवडता येत न्हाई. आधी माझ्यासमोर निवड. मंग पाह्य. अन् ती काय बोलली ते रोज मला सांगायचं. थाप मारलीस तर बंद."

आजींना इंग्रजीचा गंध नव्हता, पण माझी थाप त्यांना बराबर कळायची. दोनदा बटन बंद झालं. त्यानंतर न कळलेला शब्द मी वहीत लिहून शाळेत विचारायला लागले. गुरुजींचीही भीती वाटायची, पण आजींची जास्त.

दहावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांनी एकच विचारलं, "इंग्रजीत?" "पास," मी म्हणाले. त्यांनी परत विचारलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या दारात मांडव पडला नाही. पुढं मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.