ताडपत्रीखालची बाभूळ

आमच्याकडं गॅस हाय, पण बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी अजून आंगणातल्या चुलीवरच तापतं. लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं होतं, ते बी श्रावणात. पऱ्हाट्या काय, कपाशीच्या वाळक्या काड्याच त्या, भडकन् पेटल्या की झाल्या. एवढं मोठं भगोनं तापवायला वाळलेलं जाड लाकूडच पाहिजे, अन् तेच पावसात कुठून आणायचं? म्हणून चैत्रातच बांधावरची बाभूळ तोडली.

मालकांनी ओंडके भिंतीला रचले. सोयाबीनच्या गंजीला झाकतेत तशी ताडपत्री पार जमिनीपर्यंत ओढली, वर दगडं ठेवली. म्हणले, "आता थेंब जायचा न्हाई आत."

काही दिवसांनी मी सहज आत हात घातला. आत कोमट, दमट. ताडपत्रीला खालून थेंबच थेंब अन् लाकडाला पांढरी बुरशी! पाऊस तर पडलाच नव्हता. मंग हे पाणी आलं कुठून? मला चैन पडंना. शेजारच्या भाभीला बोलावलं. त्यांच्या घरात उर्दू, पण माझ्याशी बोलती आमच्यासारखंच. तिनं वाकून पाह्यलं अन् हसायलाच लागली.

"वैनी, सोयाबीन वाळेल असतं. हे वल्लं हाय. धुतलेलं लुगडं पेटीत घालून वाळवता का तुम्ही?"

म्हणजे पाणी लाकडातलंच! मंग ओंडके फोडून फाका करून घेतल्या, खाली विटा लावल्या, मधून वारा जाईल असं रचलं. ताडपत्री फक्त माथ्यावर. भाभीनं दोन फाका एकमेकीवर वाजवून दाखवल्या. वल्लं लाकूड थद्द वाजतं, वाळलं की टण्. मला तर नादच लागला. येता-जाता वाजवून पाहायची.

मालक म्हणायचे, "टरबूज घ्यायला निघाली का?"

आषाढापर्यंत फाकांना टोकाला चिरा पडल्या, साल हातानं निघायला लागली. श्रावणात लेक दवाखान्यातून नातीला घेऊन घरी आली तवा बाहेर झड लागलेली. पत्र्याखाली चूल पेटवली. सगळ्या फाकांनी पेट घेतला, एक जाडी तेवढी फुसफुसायला लागली, टोकातून फेस. ती ओढून चुलीच्या कडंला शेकत ठेवली अन् बाकीच्या पुढं सारल्या. जाळ बराबर लागला.

जरा येळानं न्हाणीतून लेक ओरडली, "आई, गार पाण्याचं इसण घाल गं, पोळून राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यलं, तर मालक ढिगापाशी उभे. दोन फाका कानापाशी धरून वाजवून राह्यले होते.

म्हणलं, "काय, पिकलं का टरबूज?"