बक्षीसपत्राची ट्रायल

ढगाताईंचं खरं नाव फक्त वीजबिलाला ठाऊक. बाकी सगळ्या गल्लीला त्या ढगाताईच. बाई शिवणयंत्रावर बसल्या की पाय खाली चालत राहतात आणि मन खिडकीतून निघून जातं. परत कधी येईल हे मनालाही सांगता यायचं नाही. एकदा पोस्टमनच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तो भला माणूस घाईत होता, तसाच घालून कामावर गेला आणि दिवसभर कुठेतरी वळायच्या बेतात असल्यासारखा दिसत राहिला. गल्लीनं हा किस्सा पुरवून पुरवून खाल्ला, अजून संपलेला नाही.

एरवी असं होत नाही, कारण ढगाताईंकडे कुठलाच कपडा एका दमात पुरा होत नाही. आधी कच्चे टाके, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर ट्रायल, मग खडूच्या खुणा, मग उसवणं, मग पुन्हा टाके. तंद्रीतल्या चुका ट्रायलला सापडतात, म्हणून तर बाई इतक्या निर्धास्तपणे तंद्रीत जातात. पोस्टमननं ट्रायल चुकवली, त्याची फळं भोगली. जगात जे काही आहे त्याची आधी ट्रायल होते आणि बिघडलं तर उसवता येतं, अशी त्यांची आयुष्यभराची खात्री.

घर दोन खोल्यांचं. खाली एक, वर एक, मध्ये कुरकुरणारा जिना. वरच्या खोलीत यंत्र, कापायचं टेबल आणि एक बिनडोक्याचा कापडी पुतळा, ज्याच्याशी त्या बोलतात. दुपारी उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत टेबलावर चढतो, कापसाचे तंतू त्यात तरंगत राहतात, आणि यंत्राचा आवाज लांब कुठेतरी होडी वल्हवल्यासारखा येतो. ढगाताई त्या होडीत बसून कुठे कुठे जाऊन येतात. प्रवासखर्च शून्य.

बहीण अकाली गेली तेव्हा तिचा मुलगा जेमतेम शाळेत जायला लागला होता. त्याला याच बाईंनी वाढवला. आता त्यालाही दोन पोरं आहेत, आणि तो रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून फ्रिज दुरुस्त करतो. एका सकाळी तो जिना चढून आला आणि कापायच्या टेबलाशी उभा राहिला.

"मावशी, दुकान घ्यावं म्हणतोय. बँक म्हणते, नावावर काहीतरी दाखवा."

"मग दाखव की."

"माझ्या नावावर एक मोटारसायकल आहे, आणि तिचाही आरसा गेलाय." तो जरा घुटमळला. "मित्र म्हणाला, घराचं बक्षीसपत्र करून घे. म्हणजे घर तू मला बक्षीस द्यायचं. कागदापुरतं गं. तू आहेस तशीच राहायचीस."

बक्षीस हा शब्द ढगाताईंना फार आवडला. त्यांच्या डोळ्यांपुढे एक व्यासपीठ आलं. त्यावर त्यांचं घर उभं, गळ्यात रेशमी फीत, लोक टाळ्या वाजवतायत आणि घर बिचारं लाजून खिडक्या मिटून घेतंय. बाईंनी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. पुढच्या आठवड्यात नोंदणीला जायचंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी भाचेसून आली. मनानं वाईट नाही ती, पण मोजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आल्या आल्या तिनं ढगाताईंच्याच गळ्यातली टेप उचलली आणि भिंतीला लावली.

"मावशी, आम्ही राहायला आलो की इथं दुमजली पलंग बसेल, नाही का? पोरं मोठी झाली आता."

"बसेल की. आणि यंत्र?"

"जिन्याखाली. तुमचा पाय हलायला जागा झाली म्हणजे झालं."

"तिथं उजेड नाही गं."

"बल्ब लावून देतील हे," ती म्हणाली आणि खिडकी मोजायला लागली.

ढगाताई हसल्या, पण त्या दुपारी होडी काही किनाऱ्यावरून हलली नाही. जिन्याखाली बसलेली बाई कुठे जाणार? फार तर झाडूपर्यंत. कापड संपलं तरी यंत्र चालतच होतं, नुसतं वाऱ्याला टाके घालत. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली: एवढं काय, नाहीच जमलं तर उसवू.

गल्लीच्या टोकाला वकिलीणबाई राहतात. आवाज कोर्टातला, जीभ बाजारातली. त्या काळ्या कोटाच्या ट्रायलला आल्या, तेव्हा ढगाताईंनी पाठीला टाचण्या लावता लावता बातमी दिली.

"मी घर बक्षीस देतेय भाच्याला."

"अरे वा. मग राहणार कुठे?"

"इथंच. कागदापुरतं आहे ते. नाही पटलं तर उसवायचं."

वकिलीणबाई गर्रकन वळल्या, टाचणी टोचली आणि त्या पुन्हा पाठमोऱ्या झाल्या. "अहो ताई, बक्षीसपत्राला कच्चे टाके नसतात. सही झाली, नोंदणी झाली, त्यानं स्वीकारलं, की कापड कापलं. कापलेलं कापड उसवता येतं का?"

ढगाताईंच्या तोंडात तीन टाचण्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"तो चांगलाच आहे," टाचण्यांतून आवाज आला.

"असेल. पण उद्या हप्ते थकले तर बँक त्याचा चांगुलपणा बघणार नाही, घर बघेल. आणि घर त्याचं असेल, तुमचं नाही."

"मग घर माझंच ठेवून तारण दिलं तर?"

"तारण म्हणजे छत्री गहाण टाकण्यासारखं. छत्री तुमचीच, पण पैसे फिटेपर्यंत तिची दांडी त्यांच्या हातात समजा. नाही फिटले, तर ते छत्री विकतात आणि तुम्ही भिजता."

"आणि मी जामीन राहिले तर? जामीनदार म्हणजे अस्तर, नाही का? आतून धरून ठेवायचं."

"अस्तर निदान कुणाला दिसत नाही. कर्ज थकलं की बँक जामीनदाराच्या दारात येते. त्यानं नाही भरलं तर तुम्ही भरा. कोट खाली खेचू नका, बाही चढते."

ढगाताईंनी कोट सोडला. जरा विचार करून म्हणाल्या, "बँकेच्या पुस्तकात मी त्याला नॉमिनी लावलाय. तेवढं तरी त्याचं झालं ना?"

"तुमच्या कपाटात गिऱ्हाइकांचे कपडे असतात. ते तुमचे होतात का?"

"छे. मी सांभाळते नुसते. ज्याचे त्याला देते."

"नॉमिनीचंही बहुतेक ठिकाणी तेच. तुमच्या मागे त्यानं पैसे घ्यायचे आणि जो वारस असेल त्याला पोचवायचे. वारस कोण, हे तुम्हाला ठरवायचं असेल तर मृत्युपत्र करा. तिथं मात्र तुमचे कच्चे टाके चालतात. जिवंत असेपर्यंत हवं तेव्हा उसवा, हवं तसं घाला."

"म्हणजे मी गेल्यावरच त्याला मिळणार." ढगाताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्याच्या कडेनं कुणीतरी रिकामा फ्रिज ढकलत नेत होतं. "तोवर तो स्टुलावर बसणार. द्यायचं तर जिवंतपणी, हातात ऊब असताना द्यावं हो."

वकिलीणबाईंनी अर्धा कोट खांद्यावर सावरला. मग म्हणाल्या, "द्या मग. पण हातचं राखून द्या. पत्रात लिहून घ्या, की घर भाच्याचं, पण वरची खोली तहहयात तुमच्या वापरात. तहहयात म्हणजे तुम्ही आहात तोवर. कुणी विको, गहाण टाको, तुम्हाला तिथून उठवता येणार नाही. बँक नाक मुरडेल, कर्ज कमी देईल. तेवढं सोसा."

"तहहयात," ढगाताई स्वतःशीच म्हणाल्या. शब्द उच्चारताना त्यांना गादीवर आडवं झाल्यासारखं वाटलं.

"आता माझी पाठ सोडवता का?" वकिलीणबाई म्हणाल्या. "दोन टाचण्या आत गेल्यात."

भाच्याला हे सांगणं टाचण्यांहून अवघड गेलं. तो ऐकता ऐकता लाल झाला.

"कुणी भरवलं तुझ्या डोक्यात? त्या काळ्या कोटानं?"

"कोट काळा आहे, बाई चांगली आहे."

"माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"भरवसा आहे म्हणून माप न घेता शिवू का रे? लहानपणी तू सांगशील त्या मापाची विजार शिवली असती, तर एका पायानं उघडा शाळेत गेला असतास."

"बँक कमी देईल, मावशी."

"देऊ दे. दुकान लहान घे. फ्रिज काय, उभाच तर राहतो."

भाचा तडक निघून गेला. गल्लीनं लगेच दोन तट पाडले. अर्धी गल्ली म्हणाली, म्हातारपणी बाईला कायदा फुटला. उरलेली अर्धी म्हणाली, बरं झालं फुटला. भाच्याकडून निरोप येईना. ढगाताईंनी त्या दिवसांत पुतळ्याला भाच्याच्या मापाचा एक सदरा चढवून ठेवला होता, आणि त्याच्या बाजूनंही स्वतःच बोलत त्याच्याशी भांडत होत्या. पुतळ्याची बाजू कधीकधी जिंकायचीही. पण खोलीचा मुद्दा निघाला की त्या पुतळ्याचं तोंड भिंतीकडे करायच्या.

शेवटी भाचा आला, खालच्या पायरीवर बसला आणि वर न बघता म्हणाला, "बँकेनं पाऊण रक्कम कबूल केलीय. बोळातलं दुकान मिळेल. फार खोल नाही."

"आणि पलंग?"

"पोरं झोपतायत जमिनीवर. पडायची भीती नाही."

नोंदणी कार्यालयात भिंतींचा रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा होता आणि पंखा गरगरण्यापेक्षा विचार जास्त करत होता. वकिलीणबाई दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "मजकूर वाचला? समजला?" लोक इथं मान हलवतात आणि पेन उचलतात.

"वाचला," ढगाताई म्हणाल्या. "पण वरच्या खोलीची ओळ जरा परत ऐकवा."

"अहो, मागं रांग आहे."

"सही एकदाच आहे ना? मग ओळ दोनदा ऐकते."

रांग कण्हली. साहेबांनी चष्मा काढला. शेवटी भाच्यानंच कागद ओढला आणि बोट ठेवून वाचायला लागला, आधी भरभर, मग हळू. "सदर घरातील वरच्या मजल्यावरील खोली लिहून देणार यांच्या तहहयात, त्यांच्या एकटीच्या ताब्यात राहील..." तो थांबला. पुन्हा मनातल्या मनात वाचलं. ढगाताई डोळे मिटून ऐकत होत्या, जणू कुणी अंगावर पांघरूण घालतंय.

"मावशी," तो म्हणाला, "इथं एकटीच्या लिहिलंय. मग आम्ही वर यायचंच नाही का?"

ढगाताईंनी डोळे उघडले आणि पेन मागितलं.

"यायचं की," त्या म्हणाल्या. "दार वाजवून."